दोन मिलिलिटर थुंकी

३ फेब्रुवारी, सोमवार

ताईच्या हॉस्पिटलातून पत्र आलं. ताईला नाही, मला. ताईचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले. आता ती ठणठणीत आहे आणि फोनवर पूर्वीसारखीच ओरडते. पण तिथल्या लोकांनी तिची जीन टेस्ट केली आणि एका जीनमध्ये बिघाड निघाला. तो म्हणे पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. सख्ख्या भावंडात असण्याची शक्यता पन्नास टक्के. सख्खी भावंडं म्हणजे मी. एकटाच.

पत्र घडी घालून खिशात ठेवलं. बायकोने खिशातून काढलं. चिमणीने, म्हणजे आमच्या लेकीने, तिच्या हातातून घेतलं. गोपनीय कागद सात मिनिटांत घरभर.

चिमणी सत्तावीस वर्षांची आहे. तिने पत्र तीनदा वाचलं. म्हणाली, बाबा, हे तुझ्यात नसेल तर माझ्यात येऊच शकत नाही. असेल तर मलाही टेस्ट करावी लागेल, आणि निघालं तर दर वर्षा-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, आतड्यात दुर्बिणीची नळी घालून तपासणी. म्हणजे आधी तू.

मी सांगितलं की आपल्या घराण्याचं रक्त एक नंबर आहे. वडील एकोणपन्नासाव्या वर्षी पोटाने गेले ते कारखान्याच्या कँटीनमुळे. आजोबाही पोटानेच गेले, पण त्या काळी सगळेच पोटाने जात.

संकल्प: येत्या सोमवारी टेस्ट. एक्कावन्न वर्षं वय, सत्तावीस वर्षं वजनमाप निरीक्षक. खोटं वजन नुसतं हातात घेतलं तरी मला कळतं. मग स्वतःच्या शरीराचं कळणार नाही?

५ फेब्रुवारी, बुधवार

वजन पाच किलो कमी! तेही ऑफिसच्या प्रमाणित काट्यावर, म्हणजे शंकेला जागा नाही. लिफ्ट सोडून जिने चढायला लागलो त्याचं फळ. आतापर्यंत चार वेळा चढलो.

पँटी कमरेत आवळायला टाकल्या. टेलर म्हणाला, साहेब, तब्येत बरी आहे ना? मत्सर, दुसरं काय. त्याचं स्वतःचं पोट मशीनला टेकतं.

थोडी मूळव्याध उपटली आहे. रक्त जातं. कालपरवापासूनच. खुर्चीचा दोष. नवी उशी मागवली.

१० फेब्रुवारी, सोमवार

टेस्टला जाता आलं नाही. बाजारात अचानक तपासणी निघाली. बायकोने विचारलं, कुणी काढली? मी काढली. पण अचानक काढली.

एक किराणावाला पकडला. तपासणीला वजनांचा एक संच, गिऱ्हाइकाला दुसरा. दिसायला अगदी जुळे भाऊ. त्याला वीस मिनिटं झापला. म्हटलं, निरीक्षकाला फसवशील रे, पण माल कमी भरतो तो भरतोच ना? त्याने मान खाली घातली. आमचा ड्रायव्हर पैलवान टाळ्या वाजवायचा बाकी होता.

चिमणीचा ऑफिसातून फोन: झाली का टेस्ट? म्हटलं, कामाची धावपळ. तिने फोन ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

गेलो! शब्दाचा पक्का. चिमणी सोबत आली होती, म्हणजे घेऊन गेली होती.

समुपदेशक बाई तरुण आहेत, पण शांतपणे बोलतात. शांतपणे बोलणाऱ्यांची मला भीती वाटते. म्हणाल्या, पूर्वी असा आजार घरात उठला की नशीब म्हणून सोडून द्यायचे. आता नेमका बिघाड कुठे आहे ते कळतं. ज्याच्यात आहे त्याच्यावर आधीपासून लक्ष ठेवता येतं. आतड्यात बारीक मोड दिसला तर कॅन्सर व्हायच्या आत काढून टाकतात. ज्याच्यात नाही त्याची कायमची सुटका. फक्त माहीत हवं.

मग त्यांनी फॉर्म काढला. वजन घटलं का? नाही. घटवलं, ते वेगळं. रक्त जातं का? नाही. मूळव्याध ही खासगी बाब आहे, लेकीसमोर बोलायची नाही. थकवा? छे. बाईंनी सगळीकडे नाही लिहिलं. फॉर्म इतका स्वच्छ दिसला की मलाच बरं वाटलं.

रक्त नको, थुंकी चालते म्हणाल्या. एक नळी, तिच्यावर दोन मिलिलिटरची रेघ, तिथपर्यंत थुंकायचं. पण आधी अर्धा तास काही खायचं नाही, आणि माझ्या तोंडात पेपरमिंट होती. आत शिरण्यापूर्वीच टाकली होती. योगायोग. मग नळी घरी दिली, उद्या आणून द्या म्हणाल्या.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दोन सकाळी गेल्या. थुंकी येत नाही. न्हाणीघरात दार लावून नळी तोंडाशी धरली की तोंड कोरडंठाक. चिंच, लिंबू, लोणचं, सगळ्यांचा विचार करून झाला. एकूण उत्पादन: एक बुडबुडा.

बायको दाराबाहेरून म्हणाली, एरवी दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो, त्यातलं एवढंसं देता येत नाही? बायको शाळेत गणित शिकवते. दाराबाहेरून बोलायची तिला सवय आहे.

मी घाबरलो, असं कुणाला वाटेल. तसं काही नाही. फक्त परवा मोबाइलवर कोलोनोस्कोपीचा व्हिडिओ पाहिला. सहज. ती नळी केवढी असते ते पाहिलं, आणि तेव्हापासून तोंडचं पाणी पळालं आहे. शिवाय झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ उघडायची सक्ती का?

२४ फेब्रुवारी, सोमवार

काम फत्ते.

सकाळी चिमणीने अल्टिमेटम दिला: आज नळी पोहोचली नाही तर मी स्वतः तुला रक्त काढायला नेणार. नळी घेऊन ऑफिसला आलो. खाली गाडीजवळ पैलवान उभा. अडतीस वर्षांचा गडी, दगड खाऊन पचवेल. याची थुंकी म्हणजे प्रमाण थुंकी!

त्याला म्हटलं, या नळीवरची रेघ बरोबर आहे का ते तपासायचंय. भर. माझा हुकूम म्हटल्यावर त्याने कारण विचारलं नाही. एका दमात भरली, आणखी हवी का म्हणून विचारलं.

लेबल माझ्या नावाचं होतंच. दुपारी जाऊन देऊन आलो.

याला फसवणूक म्हणता येणार नाही. फसवणुकीत कुणाचं तरी नुकसान व्हावं लागतं. इथे चिमणीचा जीव भांड्यात पडेल, बायकोची कटकट थांबेल, हॉस्पिटलचा एक रुग्ण कमी होईल. मी स्वतःची खरी टेस्ट करणारच आहे. सवडीने. जूनमध्ये.

१२ मार्च, बुधवार

हल्ली जिने चढताना धाप लागते. पुन्हा लिफ्ट सुरू केली. व्यायामाचाही अतिरेक नको. साहेब म्हणाले, चेहरा फिका दिसतोय. ऊन टाळतो त्याचा परिणाम.

वजन आणखी दोन किलो कमी. काटा एकदा तपासून घ्यायला हवा.

उशीचा काही उपयोग नाही. दुसऱ्या कंपनीची मागवली.

२० मार्च, गुरुवार

रिपोर्ट आला. बिघाड नाही!

चिमणीने मोठ्याने वाचला, मग ती रडली. सत्तावीस वर्षांची घोडी, गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडली. म्हणाली, बाबा, रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार हाच यायचा. ताईला फोन केला. ताई म्हणाली, देव पावला, माझ्यामुळे पोरीला काही झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं. मीही दोन शब्द बोललो. घराण्याच्या रक्ताविषयी.

सुंठीवाचून खोकला गेला, असं लिहिणार होतो. तेवढ्यात चिमणी डोळे पुसत म्हणाली, तू चालढकल करत होतास ना, म्हणून मी गेल्या महिन्यातच माझी थुंकी देऊन आले होते. तुला सांगितलं नाही. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात येईल. आता तो कचऱ्यात गेला तरी चालेल.

सगळे हसत होते, मीही हसलो. माझा आवाज जरा मोठा झाला असावा, कारण बायकोने पाहिलं.

२१ मार्च, शुक्रवार

शांतपणे हिशेब मांडला. माझ्यात असण्याची शक्यता निम्मी. असला तर चिमणीत जाण्याची पुन्हा निम्मी. म्हणजे तिच्यात असण्याची फक्त पंचवीस टक्के. पंचाहत्तर टक्के ती सुटली. पंचाहत्तर टक्के म्हणजे डिस्टिंक्शन!

बायकोला सहज विचारलं, निम्म्याचं निम्मं पाव ना? ती वह्या तपासत होती. म्हणाली, कशाचं? म्हटलं, असंच. ती म्हणाली, तुम्ही असंच म्हणालात की माझ्या छातीत धडधडतं.

संकल्प: चिंता करायची नाही.

२३ मार्च, रविवार

चिंता केली. दिवसभर चिमणीचा फोन वाजला की दचकत होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. पण मी चोर नाही, हे नोंदवून ठेवतो.

एकदा वाटलं, सांगून टाकावं. ती बाल्कनीत कपडे वाळत घालत होती, एकटीच होती. मी गेलो. म्हटलं, चिमणे. ती म्हणाली, काय रे? म्हटलं, चिमटे कमी पडतायत का? ती म्हणाली, नाही. परत आलो.

२७ मार्च, गुरुवार

चिमणीत बिघाड आहे.

ताईच्यात आहे तोच. तस्साच.

ती ओरडली नाही. रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि माझा रिपोर्ट शेजारी ठेवला. दोन्हींकडे पाहत बसली. मग म्हणाली, हे कसं शक्य आहे?

मी म्हटलं, लॅबची चूक. असल्या लॅबना मी चांगला ओळखतो, नोटीस काढतो. आवाज बरा निघाला. हात टेबलाखाली ठेवले होते.

३१ मार्च, सोमवार

आजचा दिवस लिहायचा नव्हता.

तिघे समुपदेशक बाईंकडे गेलो. त्यांनी दोन्ही रिपोर्ट पुन्हा तपासून आणले होते. शांतपणे म्हणाल्या, मुलीतला बदल आत्याच्या बदलाशी अक्षर न्‌ अक्षर जुळतो. तो वडिलांकडून आला नसेल तर... इथे त्या थांबल्या. म्हणाल्या, नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, क्वचित होतं. आम्ही वडिलांचं रक्त पुन्हा घेऊ, आमच्यासमोर. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुम्ही दोघं पाच मिनिटं बाहेर बसता का? मला यांच्याशी एकटीशी बोलायचंय.

यांच्याशी म्हणजे बायकोशी.

बाकावर बसलो. समोर हात कसे धुवावेत याचं पोस्टर. अकरा वेळा वाचलं. आत काय विचारत असतील ते मला तिसऱ्या वाचनाला कळलं. चिमणीला बहुधा आधीच कळलं होतं. ती माझ्याकडे बघेना.

बायको बाहेर आली. चेहरा खडूसारखा पांढरा. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, एकोणतीस वर्षं संसार केला. आज एका परक्या मुलीने मला विचारलं, आणि मला नाही म्हणून सांगावं लागलं.

आणि मी गप्प! मी म्हणजे मी. एरवी ज्याच्या तोंडाला कुलूप लागत नाही तो.

जेवताना चिमणीने ताटाकडे बघत विचारलं, आई, मला काही सांगायचंय का तुला? बायकोने चमचा खाली ठेवला आणि उठून आत गेली.

१ एप्रिल, मंगळवार

मार्ग सापडला. गुरुवारी माझं रक्त घेणार आहेत. तीन आठवड्यांत खरा रिपोर्ट येईल. मग आपोआप ठरेल की अदलाबदल लॅबमध्ये झाली. बायको निर्दोष, मी निर्दोष. लॅबला कुणी फाशी देत नाही. पैलवानाचं नाव कुठेच येत नाही. तीन आठवडे सगळ्यांनी थोडी कळ सोसायची, एवढंच.

बायको चिमणीच्या खोलीत झोपते. चिमणी सोफ्यावर. तीन आठवडे तसे पटकन जातात.

२ एप्रिल, बुधवार

अंगात ताकद नव्हती म्हणून घरी राहिलो. संध्याकाळी पैलवान फायली द्यायला आला. बायकोने दार उघडलं. चिमणी सोफ्यावर होती. मी आतून ओरडलो, फायली ठेव आणि जा. पण तो पडला मायाळू. उंबऱ्यावर उभा राहून बायकोला म्हणाला, मॅडम, साहेबांना विचारायचं राहूनच जातं. त्या नळीवरची रेघ बरोबर निघाली का?

बायकोने विचारलं, कुठली नळी?

तो म्हणाला, अहो, ती थुंकीची. साहेबांनी माझ्याकडून भरून घेतली ना तपासायला. छोटीशी, निळ्या बुचाची, वर साहेबांचं नाव.

बायको गणिताची शिक्षिका आहे. तिला तीन सेकंद लागले. चिमणीला दोन.

पैलवानाला कळेना आपण काय केलं. चिमणीने त्याला बसवून सगळं सांगितलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, साहेब, तुम्ही सांगितलं असतं ना, तर मी तुमचा हात धरून बसलो असतो हॉस्पिटलात. पण हे काय केलंत? आणि फायली ठेवून गेला.

मी सांगणारच होतो. त्याच वेळी सांगणार होतो.

बायको ओरडेल असं वाटलं होतं. ती समोर खुर्ची ओढून बसली. म्हणाली, भीती वाटली, मान्य. खोटी नळी दिलीत, तेही एक वेळ समजेन. पण परवा मी त्या खोलीतून बाहेर आले तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं. ठाऊक होतं, आणि तुम्ही पोस्टर वाचत बसलात.

यावर उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. म्हटलं, तीनच आठवड्यांचा प्रश्न होता. हे बोलायला नको होतं.

१० एप्रिल, गुरुवार

गेल्या गुरुवारी रक्त द्यायला गेलो तेव्हा बाईंना सगळं सांगितलं, म्हणजे चिमणीने सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. आधी बायकोची माफी मागितली. मग माझा चेहरा पाहिला, डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली आणि जीन टेस्टचं राहू द्या म्हणाल्या, आधी हिमोग्लोबिन. सात निघालं. दोघांची कोलोनोस्कोपी उद्या.

आज पोट साफ करायचं दोन लिटर पाणी प्यायचंय. जगात कुठे नसेल अशी चव. पाण्याच्या जगवरची खूण चाळीस मिलिलिटरने कमी भरते, हे मी मोजून दाखवलं. बायको म्हणाली, मग चाळीस वरून घ्या. आठवडाभरातलं तिचं हे पहिलं वाक्य.

११ एप्रिल, शुक्रवार

आधी चिमणी. वीस मिनिटं. एक बारीक मोड सापडला, तिथल्या तिथे काढला. बाहेर येऊन तिने टोस्ट खाल्ला, दुसरा मागितला. डॉक्टर म्हणाले, आता वर्षाने या, घाबरायचं काही नाही.

मग मी. पाऊण तास. झोपेचं इंजेक्शन होतं, कळलं काहीच नाही. ज्या नळीला दोन महिने घाबरलो ती मी पाहिलीसुद्धा नाही.

जाग आली तेव्हा डॉक्टर बायकोशी बोलत होते, आणि मला टोस्ट दिला नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

सर्जनची भेट. गाठ आहे. उजव्या बाजूला, मोठी. ऑपरेशन सोमवारी सकाळी सात वाजता. पसरली आहे का ते आत गेल्यावर कळेल. वय लहान आहे, प्रयत्न करू, म्हणाले.

मग फॉर्म. रक्त कधीपासून जातंय?

बायको उजवीकडे, चिमणी वही घेऊन डावीकडे. जिभेवर फेब्रुवारी तयार होता.

म्हणालो, ऑगस्टपासून.

चिमणीचं पेन थांबलं. बायको म्हणाली, ऑगस्ट? म्हणजे ताईच्या ऑपरेशनच्याही आधी? मी म्हटलं, हो. उशांच्याही आधी. जिन्यांच्याही आधी. सर्जननी ऑगस्ट लिहिलं आणि खाली रेघ मारली. म्हणाले, तेव्हा ही एवढी नसणार.

बाहेर गाडीपर्यंत दोघींनी दोन बाजूंनी धरून नेलं. मला चालता येत होतं, पण मी काही म्हटलं नाही. गाडीत बसल्यावर चिमणीने विचारलं. रागाने नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं: बाबा, आठ महिने तू का नाही सांगितलंस?

बायकोही वळून बघत होती. मी सांगायला तोंड उघडलं. एकही कारण सुचलं नाही.